सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं पुस्तक कोणतं घेऊ? आधी धंदा कोणता ते सांगा



"ताई, कोडिंग थोडंफार येतं. आता दोघं-तिघं मिळून सॉफ्टवेअरचा धंदा सुरू करायचाय. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकायला एक चांगलं पुस्तक सांगा." हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये येतो. व्हिडिओत मी थोडक्यात उत्तर दिलंय, पण पुस्तकांची नावं, लेखक, कोणतं का घ्यायचं आणि कोणतं का नाही, हे बोलण्याच्या ओघात निसटतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी स्वतः इंजिनिअर नाही. बीबीए केलंय आणि दुकान चालवते. दुकानात कॉलेजची पुस्तकं असतात, त्यामुळे ती कोण घेतं आणि कशासाठी घेतं हे रोज डोळ्यांसमोर असतं. तेव्हा मी या पुस्तकांकडे धंदेवाल्याच्या नजरेनं बघणार आहे. परीक्षेतल्या मार्कांसाठी कोणतं चांगलं, तो विषय वेगळा.

सगळ्यात आधी एक घोळ मिटवू. जावा, पायथन, पीएचपी शिकवणारं पुस्तक हे प्रोग्रॅमिंगचं पुस्तक. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं पुस्तक ही वेगळी वस्तू आहे. पोळ्या उत्तम लाटता येणं आणि चाळीस मुलांची मेस चालवणं यात जेवढा फरक आहे, तेवढाच इथे आहे. मेस चालवायची तर कोण किती खातं, एकादशीला काय करायचं, गॅस संपला तर काय, मावशी आल्या नाहीत तर कोण लाटणार, महिन्याचे पैसे कधी घ्यायचे, हे सगळं आलं. पोळी चांगली हवीच, पण मेस बंद पडते ती बहुतेक वेळा पोळीमुळे नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांनाही हे असंच उमगलं. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावात नाटो संघटनेनं एक परिषद भरवली. मोठमोठ्या संस्थांची सॉफ्टवेअरची कामं वेळेत होत नव्हती, खर्च हाताबाहेर जात होता आणि झालेलं काम भरवशाचं नव्हतं. हुशार प्रोग्रॅमर असूनही हे होत होतं. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव सगळीकडे रुळलं ते या परिषदेपासून. म्हणजे हा विषयच मुळी "काम येतं, पण धंदा फसतो" या दुखण्यातून मोठा झालाय. आपल्या कामाचा विषय आहे तो.

एक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत सोबत ठेवू. समजा गावातल्या दूध संकलन केंद्राच्या मालकानं तुम्हाला सॉफ्टवेअर करायला सांगितलं. तो म्हणाला, "काही नाही हो, फॅट आणि एसएनएफ टाकलं की रक्कम आली पाहिजे आणि पावती निघाली पाहिजे." तुम्ही म्हणालात पंधरा दिवस, पंचवीस हजार. हात मिळवले.

आता मोजा. गाय आणि म्हैस, दोघांचे दरपत्रक वेगळे. सकाळ-संध्याकाळच्या नोंदी वेगळ्या. बिल दर दहा दिवसांनी, पण संघानं दर सातव्या दिवशी बदलला तर पहिले सहा दिवस जुन्या दरानं आणि पुढचे चार नव्या दरानं. शेतकऱ्यानं घेतलेली उचल आणि पशुखाद्याच्या पोत्याचे पैसे बिलातून कापायचे. पावती निघाल्यावर लक्षात आलं की ३.५ ऐवजी ५.३ फॅट पडलंय, तर दुरुस्ती कोण करणार आणि जुन्या नोंदीचं काय? पहाटे लाईट गेली आणि बाहेर पंचवीस माणसं कॅन घेऊन उभी आहेत, तेव्हा काय? यातलं एकही मालकानं सांगितलं नव्हतं आणि तुम्ही विचारलं नव्हतं. त्याला वाटतं हे सगळं पंचवीस हजारांतच होतं. तुम्हाला वाटतं हे जादा काम आहे. दोघंही खरं बोलताय. पण तीन महिने फुकट राबणार तुम्ही.

माझ्या मते पुस्तक निवडायची खरी कसोटी हीच आहे. जे पुस्तक तुम्हाला हे प्रश्न हात मिळवायच्या आधी विचारायला शिकवेल, ते तुमचं. पुस्तकांच्या भाषेत याला रिक्वायरमेंट्स म्हणतात. सॉफ्टवेअरनं काय करायचं ते फंक्शनल आणि कसं, किती वेगानं, लाईट गेल्यावरही वगैरे करायचं ते नॉन-फंक्शनल. हे सगळं ज्या कागदावर लिहितात त्याला एसआरएस म्हणतात. दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर पहिल्या पानापासून चाळू नका. अनुक्रमणिकेत रिक्वायरमेंट्सचं प्रकरण शोधा आणि त्यातली दोन पानं उभ्या उभ्या वाचा. नुसत्या व्याख्या आणि मुद्दे असतील तर ठेवून द्या. एखादं खरं उदाहरण घेऊन, त्यात काय विचारलं, काय सुटलं, बदल आल्यावर काय केलं असं लिहिलं असेल तर पुढे बघा. त्याच दोन पानांत इंग्रजीचीही परीक्षा होते. दर ओळीला अडखळत असाल तर ते पुस्तक कितीही नावाजलेलं असो, कपाटातच राहणार.

काम घेऊन करणार की स्वतःचं विकणार?

हा प्रश्न मी मुलांना पुस्तकाच्या आधी विचारते आणि बऱ्याच जणांनी त्याचा विचारच केलेला नसतो. एका दूध केंद्राला हवं तसं करून देणं म्हणजे प्रोजेक्ट. गिऱ्हाईक समोर आहे, काय हवं ते तो ठरवतो, पैसे तो देतो. शंभर दूध केंद्रांना चालेल असं एकच ॲप करून महिन्याच्या भाड्यानं देणं म्हणजे प्रॉडक्ट. इथे काय हवं ते तुम्ही ठरवायचं, पैसे आधी तुमचे जाणार आणि गिऱ्हाईक नंतर शोधायचं. शिंपी आणि रेडिमेड कपड्यांचा कारखाना. दोघांकडे मशीन एकच असतं, पण हिशोब वेगळा.

गंमत म्हणजे इयन सॉमरव्हिल या एकाच लेखकानं या दोन धंद्यांसाठी दोन वेगळी पुस्तकं लिहिली आहेत. त्यांचं 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे जाडजूड पाठ्यपुस्तक १९८२ मध्ये पहिल्यांदा आलं, आता दहावी आवृत्ती मिळते. त्याचा कल मोठ्या आणि गिऱ्हाइकासाठी केलेल्या प्रणालींकडे आहे. उदाहरणं कसली, तर इन्सुलिन पंप, मानसिक आरोग्याच्या रुग्णांची नोंद ठेवणारी प्रणाली, दुर्गम भागातलं हवामान केंद्र. यातल्या काही कामांत चूक झाली तर माणूसही दगावू शकतो. नंतर त्यांनी 'इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर प्रॉडक्ट्स' हे वेगळं पुस्तक काढलं. दहाच प्रकरणं. प्रॉडक्टची कल्पना कशी मांडायची, कोणती सोय ठेवायची आणि कोणती नाही, क्लाउड, सुरक्षितता आणि गोपनीयता, टेस्टिंग, रोजच्या रोज नवी आवृत्ती कशी द्यायची. तुम्ही तीन मित्र मिळून स्वतःचं ॲप काढणार असाल तर मी सरळ हे सांगेन. जाड पुस्तकातली निम्मी प्रकरणं तुमच्या पहिल्या दोन वर्षांत लागणारच नाहीत.

काम घेऊन करणाऱ्यांसाठी मात्र जुन्या पद्धतीची पाठ्यपुस्तकं अजून उपयोगी आहेत, कारण तिथे लेखी कागद, मान्यता, बदलाची नोंद यांना किंमत असते. आपल्याकडे तीन नावं सर्रास दिसतात. रॉजर प्रेसमन यांचं 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग: अ प्रॅक्टिशनर्स अप्रोच', हेही १९८२ पासूनचं. अलीकडच्या आवृत्त्यांत ब्रूस मॅक्सिम सहलेखक आहेत. त्यात सेफहोम नावाचं घराच्या सुरक्षेचं एक काल्पनिक प्रॉडक्ट घेऊन टीममधली माणसं आपापसात कशी बोलतात ते संवादरूपात दिलंय. मला ते संवाद आवडतात, कारण मीटिंगमध्ये काय विचारायचं ते त्यातून कळतं. बाकी पुस्तक जड आहे, एका दमात वाचायचं नाही. दुसरं, आयआयटी खरगपूरचे प्राध्यापक राजीब मॉल यांचं 'फंडामेंटल्स ऑफ सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग'. इंग्रजी सोपं, मांडणी परीक्षेला धरून आणि मोठी सोय म्हणजे त्यांचा याच विषयाचा कोर्स एनपीटीईएलवर फुकट बघता येतो. मराठी माध्यमातून आलेल्या आणि एकट्यानं शिकणाऱ्या मुलांना मी आधी हेच सुचवते. प्रकरण वाचायचं, त्यावरचं लेक्चर बघायचं. तिसरं पंकज जलोटे यांचं 'अ कन्साइज इंट्रोडक्शन टू सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग'. नावाप्रमाणे आटोपशीर आहे. ज्याला जाड पुस्तक बघूनच झोप येते त्यानं इथून सुरुवात करावी.

आणि गाईडं? डिप्लोमा, बीसीए, बीएससी आयटी, सगळीकडे हा विषय असल्यामुळे विद्यापीठाच्या पेपरांवर बेतलेली पुस्तकं ढिगानं येतात. मी ती विकते, तेव्हा त्यांना नावं ठेवणं बरं दिसणार नाही. पास व्हायला ती पुरतात. पण दूध केंद्राच्या मालकासमोर बसल्यावर "वॉटरफॉल मॉडेलचे पाच तोटे" पाठ असून काय करणार?

किमतीचं गणित शिकवणारं पुस्तक

आता जो भाग कॉलेजात घाईघाईनं उरकतात आणि धंद्यात जो सगळ्यात आधी गळ्याशी येतो, तो म्हणजे अंदाज. किती दिवस, किती पैसे.

पाठ्यपुस्तकात कोकोमो नावाचं सूत्र असतं. बॅरी बोहम यांनी १९८१ च्या त्यांच्या पुस्तकात ६३ प्रोजेक्टांच्या आकड्यांवरून ते मांडलं. त्यातल्या सोप्या प्रकारात दहा हजार ओळींचा प्रोग्रॅम घातला तर उत्तर येतं सुमारे २७ मनुष्य-महिने, म्हणजे तीन माणसांचे जवळपास नऊ महिने. आजच्या तयार साधनांवर काम करणाऱ्याला हा आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही, ते प्रोजेक्ट त्या काळातले होते. पण मी मुलांना हे गणित एकदा तरी करायला लावते. पंधरा दिवस म्हणणाऱ्या तोंडाला जरा लगाम बसतो.

या विषयावर मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं पुस्तक अभ्यासक्रमात सहसा नसतं. स्टीव्ह मॅककॉनेल यांचं 'सॉफ्टवेअर एस्टिमेशन', २००६ चं. त्यात एक साधा भेद सांगितलाय. अंदाज वेगळा, टार्गेट वेगळं आणि दिलेला शब्द वेगळा. "मला वाटतं दीड-दोन महिने लागतील" हा अंदाज. "दिवाळीच्या आत झालं पाहिजे" हे मालकाचं टार्गेट. "एक नोव्हेंबरला चालू करून देतो" हा शब्द. आपली पोरं मालकाचं टार्गेट ऐकतात आणि तोच आकडा आपला अंदाज म्हणून परत सांगतात, वर शब्दही देऊन मोकळी होतात. तिन्ही गोष्टी एका वाक्यात. दुसरी गोष्ट म्हणजे, काम नुसतं कल्पनेच्या पातळीवर असताना दिलेला अंदाज चौपट तरी होऊ शकतो किंवा पाववर तरी येऊ शकतो, आणि जसजशा गोष्टी ठरत जातात तसतशी ही तफावत कमी होत जाते, हे तिथे आकृती काढून समजावलंय. दूध केंद्राचे पंचवीस हजार हे लाखाचंही काम निघू शकतं. म्हणून आधी फक्त काय हवं ते लिहून देण्याचे दोन-तीन हजार घ्या, तो कागद मालकाला वाचून दाखवा, सही घ्या आणि मगच पूर्ण कामाचा भाव सांगा. हा माझा सल्ला आहे, पण त्यामागचं कारण त्या पुस्तकात सापडेल.

याच्याच जोडीला फ्रेडरिक ब्रूक्स यांचं 'द मिथिकल मॅन-मंथ'. १९७५ चं पुस्तक. ब्रूक्स आयबीएमच्या सिस्टिम ३६० या मोठ्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळत होते, त्या अनुभवावरून लिहिलेलं. त्यांचा गाजलेला मुद्दा असा की आधीच उशीर झालेल्या कामात आणखी माणसं घातली की उशीर वाढतो. कारण नव्या माणसाला शिकवायला जुन्याचाच वेळ जातो आणि आपसात बोलण्याच्या वाटा वाढतात. तीन माणसांत तीन जोड्या, सहा माणसांत पंधरा. माणसं दुप्पट, बोलणं पाचपट. लग्नाच्या पंगतीत ऐनवेळी वाढपी वाढवले की काय होतं ते बघितलेल्याला हे लगेच पटेल. पुस्तक पातळ आहे, सोपं आहे, कोड जवळपास नाहीच. घ्यायचं तर १९९५ ची वाढीव आवृत्ती घ्या, त्यात त्यांनी वीस वर्षांनंतर आपलं कोणतं म्हणणं टिकलं आणि कोणतं नाही तेही लिहिलंय.

दोन नावं इंटरनेटवर सगळे सांगतात म्हणून त्यांच्याबद्दल थोडक्यात. रॉबर्ट मार्टिन यांचं 'क्लीन कोड' हे कोड नीटनेटका कसा लिहावा याचं पुस्तक आहे. म्हणजे पोळीचं. लिहिणाऱ्यानं वाचावं, पण त्यानं धंदा शिकता येणार नाही. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग ॲट गूगल' हे २०२० चं पुस्तक ऑनलाइन फुकट वाचता येतं. त्यातला, कोड लिहिणं एक आणि तो वर्षानुवर्षं चालता ठेवणं दुसरं, हा विचार लाख मोलाचा आहे. पण बाकीची पद्धत हजारो इंजिनिअर असलेल्या कंपनीची. तीन माणसांनी त्याची नक्कल केली तर कामापेक्षा व्यवस्थाच मोठी होईल.

जुनी आवृत्ती चालेल का?

पैसे वाचवायचा प्रश्न आहे, म्हणून हेही सांगते. अप्पा बळवंत चौकात किंवा फोर्टच्या फुटपाथवर ही पाठ्यपुस्तकं जुन्या आवृत्तीत स्वस्त मिळतात. रिक्वायरमेंट्स, टेस्टिंगचे मूळ विचार, अंदाज, माणसं सांभाळणं, ही प्रकरणं फारशी शिळी होत नाहीत. शिळी होतात ती साधनांची. गिट हे आज सगळे वापरतात ते साधन २००५ मध्ये आलं, तेव्हा त्याच्या आधीच्या पुस्तकात ते नसणारच. क्लाउड, मोबाइल, डेटाची गोपनीयता यांवरही जुन्या पुस्तकावर विसंबू नका. काम घेऊन करणाऱ्याला एक-दोन आवृत्त्या मागचं पुस्तक बिनदिक्कत चालेल. प्रॉडक्ट काढणाऱ्यानं नवंच घ्यावं. आणि नवं घेताना भारतीय आवृत्ती आहे का ते आधी विचारा, परदेशी छपाईपेक्षा ती बरीच स्वस्त पडते.

वाचताना एक करा. पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत संपवायच्या भानगडीत पडू नका. एखादं खरं छोटं काम समोर ठेवा, ओळखीच्या दुकानाची उधारी वही म्हणा, वाचनालयाची देवघेव म्हणा. रिक्वायरमेंट्सचं प्रकरण वाचलं की त्या कामाचा कागद लिहा. टेस्टिंगचं वाचलं की त्याच कागदावरून तपासणीची यादी करा. ज्या प्रकरणाचा तुमच्या कामाशी आज संबंध नाही ते सरळ सोडा.

आता तिसरी मंडळी. हे वाचणाऱ्यांत काही जण असे असतील ज्यांना सॉफ्टवेअर करायचं नाही, आपल्या धंद्यासाठी करून घ्यायचंय. तुम्ही पुस्तक विकत घेऊच नका. कॉलेजच्या किंवा ओळखीच्या विद्यार्थ्याकडून यातलं कुठलंही पाठ्यपुस्तक आठवडाभर मागून आणा आणि दोनच प्रकरणं वाचा, रिक्वायरमेंट्स आणि टेस्टिंग. टेस्टिंगमध्ये ॲक्सेप्टन्स टेस्टिंग असा एक भाग असतो. काम ताब्यात घेण्याआधी गिऱ्हाइकानं स्वतः करायची तपासणी ती हीच. दूध केंद्राच्या मालकानं काय करावं, तर मागच्या महिन्याच्या वहीतली दहा बिलं काढावीत. त्यात एक दर बदललेलं असावं, एक उचल कापलेलं, एक दुरुस्ती केलेलं. ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः घालून बघावीत. वहीतली आणि पडद्यावरची रक्कम पैशापर्यंत जुळली आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून हातात मिळाला, की मग शेवटचा हप्ता द्यावा.

पुढच्या व्हिडिओत याच दूध केंद्राचा एसआरएस आपण मिळून लिहिणार आहोत. येताना तुमच्या एखाद्या कामाचे, गिऱ्हाइकाला विचारायचे पंधरा प्रश्न कागदावर लिहून आणा.